डॅन अ‍ॅबनेट : यादी बाजूला ठेवा, 'झेनोस' उघडा

प्रश्न (पुणे) : 'वॉरहॅमर ४०,०००' हा टेबलावर फाशांनी खेळायचा युद्धखेळ कधी खेळलेलो नाही. त्यावरच्या डॅन अ‍ॅबनेटच्या कादंबऱ्या वाचायच्या आहेत. पण पन्नासच्या वर पुस्तकांची यादी पाहून हबकलो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुम्ही पाहिलीत ती यादी 'होरस हेरेसी'ची. ५४ पुस्तकं, आणि तीही अनेक लेखकांची. त्यातलं पहिलं, 'होरस रायझिंग' (२००६), अ‍ॅबनेटचं आहे. पुढे 'सीज ऑफ टेरा' ही वेगळी मालिका निघाली. तिचा शेवट, 'दि एंड अँड द डेथ', त्यानेच तीन खंडांत लिहिला. नवख्याने तिकडे आत्ता फिरकू नये.

'झेनोस' (२००१) घ्या. आयझेनहॉर्न नावाचा इन्क्विझिटर, म्हणजे साम्राज्याचा धर्मतपासनीस, स्वतःची हकीकत सांगतो. खेळातल्या संज्ञा तो समजावत बसत नाही, पण त्या अशा वापरतो की दोन पानांत अर्थ लागतो. एक तपशील लक्षात ठेवा : याच पुस्तकात छळामुळे त्याच्या चेहऱ्याच्या नसा निकामी होतात, आणि त्यानंतर त्याला हसता येत नाही. समोरच्यांना तो थंड वाटतो. आतलं काय ते फक्त वाचकाला कळतं. पुढे त्याच्या हातून जे घडत जातं, ते पटतं ते या निवेदनामुळे.

क्रम : 'झेनोस', 'मॅलियस', 'हेरेटिकस', मग 'रेव्हनॉर'ची तीन, त्यानंतर 'पॅरिया' (२०१२) आणि 'पेनिटेंट' (२०२१). 'पॅरिया' आधी उघडलंत तर रहस्याची मजाच जाईल, कारण ते रहस्य जुन्या ओळखींवर उभं आहे.

प्रश्न (नागपूर) : अ‍ॅबनेटच्या 'गॉन्ट्स घोस्ट्स' या एका पलटणीवरच्या मालिकेचं पहिलं पुस्तक आवडलं, दुसऱ्यात अडकलो. सोडून देऊ?

उत्तर : 'घोस्टमेकर'मध्ये बरेच जण अडकतात. 'इन्फर्नो!' या नियतकालिकातल्या सुट्या कथा एका लढाईच्या धाग्यात ओवून ते पुस्तक झालं. त्यामुळे दर प्रकरणाला नवा माणूस पुढे येतो आणि कथा पुन्हा शून्यापासून सुरू होते. तूर्त ठेवून द्या, नंतर वाचा. 'नेक्रोपोलिस' (२०००) मात्र चुकवू नका. एका अवाढव्य औद्योगिक शहराचा वेढा आहे तो. खाणकामगार, कारखान्यातली माणसं तिथे बंदूक उचलतात आणि पुढे याच पलटणीत भरती होतात. हे वाचलं नसेल तर त्यापुढच्या 'ऑनर गार्ड'मध्ये निम्मी नावं अनोळखी वाटतील.

खरेदी करताना एक बघा : 'द फाउंडिंग' हे नवं पुस्तक नव्हे, पहिल्या तिन्हींची एकत्रित आवृत्ती आहे. सुटी घेतली असतील तर दुप्पट पैसे जातील.

प्रश्न (बंगळूरू) : मी खेळतो. टेबलावर लेसगन, म्हणजे साध्या सैनिकाची लेझर बंदूक, टॉर्चइतकीच निरुपद्रवी. कादंबरीत तिच्यावर लढाया कशा जिंकतात?

उत्तर : हिशेब करून बघा. साधा सैनिक, समोर स्पेस मरीन, म्हणजे चिलखतातला अतिमानवी योद्धा. नेम लागायला फाशावर ४ किंवा वर, म्हणजे निम्म्या गोळ्या फुकट. ताकद ३ विरुद्ध चिवटपणा ४, तेव्हा जखमेला ५ किंवा ६. मग मरीनचं चिलखत ३ किंवा वर पडलं की वाचवतं. सरासरी १८ गोळ्यांमागे एक जखम. आणि आताच्या नियमांत साधा मरीन मरायला दोन जखमा लागतात, म्हणजे ३६.

आता समोर त्याच्यासारखाच माणूस ठेवा : चिवटपणा ३, चिलखत ५ किंवा वर. हिशेब सहा गोळ्यांवर येतो. अ‍ॅबनेट बहुतेक वेळा हीच जोडी लावतो. 'ब्लड पॅक्ट' या शत्रूफौजेचे सैनिक माणसंच आहेत, कवायतीत मुरलेली. शिवाय त्याची टॅनिथ ग्रहावरची 'घोस्ट्स' पलटण समोरासमोर कमी भिडते : अंगावर छद्मरंगी घोंगडी, हातात सरळ पात्याचा सुरा, रात्रीची चाल. मरीन आला की तोच लेखक पानच्या पानं भीतीला देतो.

प्रश्न (ठाणे) : 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'वाला अ‍ॅबनेट हाच का?

उत्तर : हाच. २००८ ची कॉमिक्स त्याने अँडी लॅनिंगसोबत लिहिली. २०१४ च्या चित्रपटातली टोळी बरीचशी तिथलीच.

प्रश्न (कोल्हापूर) : याच विश्वात मराठी कथा लिहून छापू का?

उत्तर : छापू नका. हे विश्व नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपच्या मालकीचं आहे आणि कादंबऱ्या त्यांचीच ब्लॅक लायब्ररी काढते. नावं, चिन्हं, ग्रह सगळं स्वतःचं घ्या. उचलायचंच असेल तर 'घोस्ट्स'चा नायक गॉन्ट याचं पद पाहा : तो पलटणीचा कर्नलही आहे आणि कमिसारही, म्हणजे ज्यांना जगवायचं त्यांनाच कचरल्याबद्दल गोळी घालायचा अधिकार त्याच्याकडे. असा पेच तुमच्या पात्राच्या हुद्द्यातच आधी बसवा, लढाई नंतर आखा.