घसरायचं तर ठरवून घसर

प्रिय भावी डॉक्टरीणबाई,

तुझा मेसेज मंगळवारी रात्री साडेअकराला आला. आधी एक ओळ भरून नाचणारे इमोजी, मग 'मावशी, मिळाली अ‍ॅडमिशन!', आणि त्याच्याखाली अगदी सहज विचारावं तसं, 'आता बायोकेमला सी आला तरी चालतो ना?' अभिनंदनाचा फोन मी लगेच केला, पण त्या प्रश्नाला मुद्दाम बगल दिली. तुझी आई शेजारीच बसली होती. तिच्यादेखत 'चालतो' म्हणायची माझी छाती नव्हती आणि 'चालत नाही' म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं.

इथे अमेरिकेत मेडिकलची जागा मिळाल्यावर सी ग्रेड बहुतेक चालतो. पण हे 'बहुतेक' तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं, आणि मी पैज लावते की तू ते पान उघडलेलं नाहीस. 'आम्हांला कळवायला आनंद होतो' पहिल्या पानावर असतं. ते तू आजीला पाठवलंस, आजीने साताऱ्यात वाटलं, आणि तिने फोनवर आनंदीबाई जोशींचं नावही काढलं असणार. (आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेत आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. कॉलेजची डिग्री, शेवटचं सेमिस्टर, ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या ग्रेडचं पत्रक, असली भानगड त्यांच्या वाटेला आलीच नाही. बाकी जे आलं ते तुझ्यामाझ्या वाट्याला येऊ नये.) दुसऱ्या पानावर अटी असतात. वर्ग सुरू व्हायच्या आत पदवी पूर्ण झाली पाहिजे. जे आवश्यक विषय अजून चालू आहेत ते अमुक ग्रेडच्या वर पास झाले पाहिजेत; बऱ्याच ठिकाणी ती अट सीची असते, पण सी मायनस चालतो की नाही हे प्रत्येक कॉलेजाचं वेगळं. शेवटचं ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजातून थेट गेलं पाहिजे. आणि कामगिरीत मोठी घसरण दिसली तर समिती प्रवेशाचा फेरविचार करू शकते, असं एक वाक्य कुठेतरी असतं. 'मोठी' म्हणजे किती हे कोणी लिहीत नाही. मी पाच वर्षं एका अशा समितीवर होते, आम्हीही कधी लिहिलं नाही.

तुझ्या आईबाबांना यातलं विचारून उपयोग नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडे हा मधला काळच नव्हता. मी १९८९ साली बारावी झाले. मेडिकलची जागा तेव्हा बारावीच्या पीसीबीच्या मार्कांवर ठरायची. सीईटी, नीट हे सगळं नंतरचं. यादीत नाव लागलं की बारावीची पुस्तकं कोणा शेजारच्या मुलाला देऊन टाकायची आणि ट्रंक घेऊन सोलापूरची गाडी धरायची. जागा मिळाल्यानंतर राखायची काय, हा प्रश्नच उद्भवत नसे. इथे मात्र एमडीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीच्या, कॉलेजांची पत्रं १५ ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि वर्ग पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. म्हणजे साखरपुडा झालाय आणि लग्नाला नऊ-दहा महिने आहेत. अशा दिवसांत माणसं जशी वागतात तशीच इथेही वागतात: कोणी उगाच घाबरून, कोणी उगाच निर्धास्त.

तू निर्धास्त गटातली. म्हणून तुला सांगते, घसर. खरंच सांगते. साडेतीन वर्षं तू ज्या पद्धतीने अभ्यास केलास ती मी जवळून पाहिली आहे. दिवाळीच्या फराळालासुद्धा तू फ्लॅशकार्ड घेऊन आली होतीस. तसं आणखी सात महिने करायची काहीच गरज नाही. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.९१ चा ३.८७ झाला तर त्याची दखल घेणारा माणूस या पृथ्वीवर नाही, तुझे बाबा सोडून. पुढे बऱ्याच मेडिकल कॉलेजांत पहिली दीड-दोन वर्षं नुसतं पास-नापास असतं. लायसन्सच्या परीक्षेची पहिली पायरी, स्टेप वन, तीही जानेवारी २०२२ पासून पास-नापासच झाली आहे. तुझा हा जीपीए तिकडे कोणी विचारणार नाही.

फक्त घसरायचं तर ठरवून घसर. कुठल्या विषयात, किती, आणि कशासाठी. आज आठला उठावंसं वाटलं नाही म्हणून लॅब बुडाली, मग लॅब रिपोर्ट राहिला, मग प्रोफेसरांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून पुढची लॅब बुडाली, ही घसरण ठरवलेली नसते. असा एक मुलगा माझ्या पाहण्यात आहे. हुशार, तीन कॉलेजांची पत्रं हातात. शेवटच्या सेमिस्टरला फिजिक्सची लॅब उरली होती, एका क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे काय, असं म्हणून त्याने जाणंच सोडलं. डी आला. त्या डीमुळे एक आवश्यक विषय अपुरा राहिला आणि जूनमध्ये मेडिकल कॉलेजाचा ईमेल आला. तो तिरसट नव्हता, अतिशय सभ्य होता, त्यामुळे जास्त भीतीदायक. बिचाऱ्याने पूर्ण उन्हाळा एका कम्युनिटी कॉलेजात झोके घेणाऱ्या लंबकाचा कालावधी मोजत काढला. मित्र पोर्तुगालला गेले होते. जागा वाचली. पण ऑगस्टपर्यंत त्या घरात कोणी मोकळेपणाने जेवलं नाही.

आता तुझ्या विषयांकडे येऊ. तू पाठवलेल्या यादीत या सेमिस्टरला बायोकेम, एक सेमिनार आणि इतिहास आहे, आणि पुढच्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स, स्पॅनिश आणि काहीतरी 'ऐच्छिक'.

बायोकेम हा तुझ्या कॉलेजाच्या आवश्यक विषयांत आहे. तेव्हा तिथे सीच्या काठावर खेळू नकोस, बीच्या मध्यावर राहा. पण क्रेब्स सायकलमधलं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जानिर्मितीच्या साखळीतलं, प्रत्येक एन्झाइम पाठ करत पहाटे तीनपर्यंत जागू नकोस. ते तू मेडिकलच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकणार आहेस, काही आठवड्यांत, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पुन्हा विसरणार आहेस. आम्ही सगळे विसरलोय. पास-नापासवर हा विषय घ्यायचा विचार करत असशील तर आधी मेडिकल कॉलेजाला विचारून घे. आवश्यक विषयाला नुसता 'पास' बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत.

वाचलेला वेळ स्टॅटिस्टिक्सला दे. तुला ते रटाळ वाटतं हे मला ठाऊक आहे, तू 'फक्त पास व्हायचं' म्हणालीस. मी उलट सांगेन. समज, एक आजार शंभरातल्या एकाला आहे. त्याची एक तपासणी आहे, चांगली तपासणी: आजार असलेल्या शंभरातल्या नव्वदांना बरोबर पकडते आणि आजार नसलेल्या शंभरातल्या नव्वदांना बरोबर सोडते. तुझ्यासमोर एक बाई बसली आहे, तिची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. तिला आजार असण्याची शक्यता किती? कागदावर हजार माणसं घे. दहा आजारी, त्यातले नऊ पकडले गेले. नऊशे नव्वद निरोगी, पण त्यातल्या नव्व्याण्णवांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह. म्हणजे एकशे आठ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी नऊ. शेकडा आठ. त्या बाईला मात्र वाटतंय शेकडा नव्वद, ती रात्रभर झोपलेली नाही, आणि तिच्या नवऱ्याने मृत्युपत्राचा विषय काढला आहे. हा हिशोब मला एमबीबीएसला कोणीतरी शिकवला असणार, पण तो माझ्या डोक्यात शिरला वयाच्या तिशीनंतर, आणि दर आठवड्याला मी तो कोणासाठी तरी करते. क्रेब्स सायकल मी शेवटची कधी वापरली ते आठवत नाही. या विषयात तुला बी मायनस आला तरी मला चालेल, पण हा हिशोब झोपेतून उठवलं तरी मांडता आला पाहिजे.

स्पॅनिशचंही तेच. ग्रेड जाऊ दे, 'कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, आणखी काय होतंय' एवढं न अडखळता विचारता यायला हवं. ऐच्छिकमध्ये मातीची भांडी करायचा क्लास मिळाला तर तो घे.

एखादा विषय सोडायचा असेल तर थांब. तू अर्जात पुढच्या सेमिस्टरचे विषय लिहिले होतेस. ते वाचून त्यांनी तुला घेतलंय. त्यातला काढायचा किंवा बदलायचा झाला तर आधी मेडिकल कॉलेजाच्या प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल टाक. ते बहुधा 'हरकत नाही' म्हणतील. न विचारता केलेला बदल ट्रान्स्क्रिप्टवर त्यांनी स्वतः शोधून काढला की त्याचा वास वेगळा येतो. आणि बारा क्रेडिटच्या खाली गेलीस तर पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाहीस, त्याचा परिणाम आर्थिक मदतीवर होतो. तुझी स्कॉलरशिप कुठल्या जीपीएवर टिकून आहे तेही बघून ठेव, बाबांनी विचारायच्या आत.

तू आणखी एक गोष्ट हळूच सांगितलीस, की बॉस्टनच्या कॉलेजाची मुलाखत जानेवारीत आहे आणि मन तिकडे आहे. मग वरचं सगळं डिसेंबरपर्यंत थोडं बाजूला ठेव. तिथे तुला अजून कोणी निवडलेलं नाही. वेटलिस्टवर राहिलीस तर या सेमिस्टरच्या ग्रेड तू स्वतःहून कळवशील, आणि त्या कळवण्यासारख्या असाव्यात. वेटलिस्ट खरी हलते ती ३० एप्रिलच्या सुमारास, कारण अनेक पत्रं हातात असलेल्यांना तोवर एक निवडून बाकीची सोडायची असतात. तेव्हा निर्धास्तपणा जानेवारीपासून सुरू कर.

एका बाबतीत मात्र माझ्याकडे सवलत नाही. इतिहासाचा बारा पानी निबंध तू 'कसातरी उरकणार' आहेस. वाईट लिही. पुस्तकं अर्धवट वाचून लिही. पण चॅटबॉटकडून लिहून घेऊन स्वतःचं नाव टाकू नकोस. वाईट ग्रेडबद्दल मेडिकल कॉलेज फार तर प्रश्न विचारतं. कॉलेजाने शिस्तभंगाची कारवाई केली तर सामायिक अर्जाच्या नियमांप्रमाणे ती तुलाच, कामकाजाच्या दहा दिवसांत, मेडिकल कॉलेजांना कळवावी लागते, अर्ज पाठवून झालेला असला तरी. समितीवर असताना बीमुळे कोणाची जागा काढून घ्यावी अशी चर्चा आमच्यासमोर एकदाही आली नाही. उचललेल्या मजकुरामुळे आली, आणि ती बैठक दहा मिनिटांत संपली.

माझं स्वतःचं सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मावशी जन्मजात शहाणी. २००० साली मार्चमध्ये माझी रेसिडेन्सीची मॅच झाली, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची जागा ठरली. मी तेव्हा एका प्राध्यापकांच्या लॅबमध्ये बिनपगारी काम करत होते, त्यांच्याच पत्रामुळे मला मुलाखती आल्या होत्या. मॅच झाली आणि मी दुपारी तीनला निघायला लागले. डेटा भरायचा राहायचा, दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडायचा. ते एका शब्दाने बोलले नाहीत. जूनमध्ये केक कापला, हात मिळवला. तीन वर्षांनी फेलोशिपसाठी मी पुन्हा शिफारसपत्र मागितलं. त्यांनी दिलं. चार ओळींचं. मी अमुक ते अमुक तारखेपर्यंत तिथे होते, हे त्यात बरोबर लिहिलं होतं. माझ्या नंतर भारतातून आलेल्या एका मुलीला त्यांनी त्या लॅबमध्ये घेतलं नाही, तेही मला उडत उडत कळलं. दोन्हींचा संबंध असेल किंवा नसेल. मला अजून वाटतं की असेल.

म्हणून, ज्या तीन प्रोफेसरांनी तुझी पत्रं लिहिली त्यांना आधी जाऊन भेट. मेसेज नको, प्रत्यक्ष. त्यातल्या बायोकेमच्या बाईंच्या वर्गात तू आत्ता बसतेयस, त्यांच्यासमोर मागच्या बाकावर मोबाइल बघत बसू नकोस एवढं पुरे.

बाकीचे महिने झोप. कुकरला तीन शिट्ट्यांचा वरण-भात शिक, रेसिडेन्सीत तोच उपयोगी पडतो. एप्रिलात आजीकडे जाऊन यायचं म्हणत होतीस, पण परीक्षा मेमध्ये आहे. पदवी समारंभ झाल्यावर जा, आंबेही तेव्हा असतील.

आणि एक कटकटीचं काम. मेडिकल कॉलेज लशींचे पुरावे मागेल. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत विभागलेले असतात, त्यामुळे रक्तात पुरेशा अँटीबॉडी नसल्याचं जुलैमध्ये कळलं तर पंचाईत. ती तपासणी आत्ताच करून घे. टीबीची तपासणी करताना तू भारतात जन्मलीस आणि बीसीजी घेतली आहे हे नर्सला सांग. त्वचेवरची तपासणी बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची माग. डाव्या दंडावर तो गोल व्रण असेल. नीट दिसत नसेल तर आईला विचार, तुला टोचलं तेव्हा ती दवाखान्याबाहेर रडत उभी होती.

दुसऱ्या पानाचा फोटो काढून पाठव. शनिवारी फोन कर, पण दुपारी दोननंतर. सकाळी माझं क्लिनिक आहे.

तुझी
कोलंबसची मावशी