बॅटरी काढा, मग हात घाला

या वेळच्या टपालात पालापाचोळाच फार. बॅटरीवर चालणाऱ्या लीफ ब्लोअर-व्हॅक्यूमबद्दल, म्हणजे पाला उडवणाऱ्या आणि तोच ओढून बारीक करून पिशवीत भरणाऱ्या यंत्राबद्दल, बरेच प्रश्न आलेत. एकाच बैठकीत उरकतो.

व्हॅक्यूम लावला की दर थोड्या वेळाने तोंडाशी पाला अडकतो. मी खटका सोडतो, पंखा थांबला की बोटांनी पाला ओढून काढतो. पत्नीला हे धोक्याचं वाटतं. वायर तर नाहीच, मग धोका कुठला?

तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. वायरवालं यंत्र असतं तर तुम्ही आधी प्लग काढला असता, हो ना? इथे बॅटरी हाच प्लग. ती खाचेत बसलेली आहे तोवर यंत्र जिवंत आहे, मग ते कितीही गप्प असो. एका हाताने यंत्र मांडीवर धरून दुसऱ्याने पाला उपसताना धरलेल्या हाताचं बोट खटक्यावर जायला कितीसा वेळ लागतो? त्यातून वेग कायम ठेवायची कळ काही यंत्रांना असते, ती पुढे ढकललेलीच राहिली तर आणखी पंचाईत.

क्रम असा ठेवा. खटका सोडा, वेगाची कळ शून्यावर आणा. पंखा पूर्ण थांबू द्या. बंद केल्यावरही तो काही सेकंद फिरतच राहतो, आणि आवाज थांबला म्हणजे पंखा थांबलाच असं समजू नका. मग बॅटरी काढा आणि खिशात टाका. खिशात शब्दशः, पण त्या खिशात किल्ल्या किंवा सुटे पैसे नकोत, बॅटरीच्या पत्र्यांना धातू टेकला तर शॉर्ट होईल. त्यानंतर नळी उतरवा, जाड हातमोजे घाला आणि पाला काढा. बोटांऐवजी लाकडी काटकी वापरलीत तर उत्तम. ब्लोअरची नळी काढून व्हॅक्यूमची बसवतानाही हाच क्रम.

आता अडकतं का ते बघू. दुरुस्तीला येणारं यंत्र उघडलं की बहुधा एकच चित्र दिसतं: पंख्याच्या मागे, आसाभोवती, सुतळीचा तुकडा किंवा वेलीचा चिवट तंतू घट्ट गुंडाळलेला, आणि त्यावर ओल्या पाल्याचा काळपट लगदा वाळून खपलीसारखा बसलेला. पुढून पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून मालकाला पत्ता नसतो. हाताने सावकाश फिरवून बघितलं की एका जागी अडखळतो, तिथे समजायचं. तंतू कात्रीने कापून चिमट्याने काढा, खपली कोरड्या ब्रशने. पाण्याचा पाइप लावू नका, मोटर तिथेच मागे आहे.

पंखा फिरवताना प्रत्येक पात्याच्या कडेवरून बोट न फिरवता नजर फिरवा. पात्याचा टवका उडाला असेल तर वजन एका बाजूला झुकतं, यंत्र हातात थरथरतं आणि बेअरिंग झिजतं. असा पंखा घासून सारखा करायच्या भानगडीत पडू नका, बदला. टवके उडतात ते खड्यांनी. म्हणून ओढायच्या आधी पाला खराट्याने जरा विस्कटून बघायचा: खडे, खिळे, जाड काटक्या बाजूला.

बहुतेक यंत्रांत नळी किंवा झाकण नीट बसलं नसेल तर मोटर सुरूच न होण्याची सोय असते. तो छोटा स्विच चिकटपट्टी लावून कायमचा दाबून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. ‘सारखं बंद पडतं हो’ ही त्यांची तक्रार. बंद पडतं कारण नळी सैल आहे. ती घट्ट बसवा, खाचेतली माती काढा. ते जमत नसेल तर यंत्र वापरू नका.

18 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरची बॅटरी आहे. दहा-बारा मिनिटांत संपते. बॅटरी खराब आहे का? पूर्ण संपवूनच चार्ज करावी असं कुणी सांगितलं, ते खरं का?

बॅटरीवर संशय घ्यायच्या आधी गुणाकार करा. 18 गुणिले 4 म्हणजे 72 वॅट-अवर, एवढाच साठा. मोटर पूर्ण वेगात 400 वॅट खात असेल तर 72 भागिले 400, साधारण 11 मिनिटं. हिशेब चुकत नाही, अपेक्षा चुकतेय. (काही कंपन्या 20 व्होल्ट छापतात. आत त्याच 3.6 व्होल्टच्या पाच सेल असतात. भरल्यावर प्रत्येकी 4.2, म्हणजे मिळून 21 होतात, म्हणून तो आकडा. त्याला भुलून जास्तीचे पैसे मोजू नका.)

खरी मेख वेगात आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 80 टक्क्यांवर आणलात तर हवा 80 टक्के मिळते, पण शक्ती निम्मीच लागते. म्हणजे वेळ जवळपास दुप्पट. कोरडा पाला फरशीवरून हलवायला तेवढा वेग पुष्कळ झाला. पूर्ण जोर कोपऱ्यात चिकटलेल्या पानांसाठी राखून ठेवा. खटका तळापर्यंत दाबल्याशिवाय काम केल्यासारखं वाटतच नाही काहींना, त्यांना माझ्याकडे औषध नाही.

पूर्ण संपवून चार्ज करायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियम-आयन 1991 मध्ये बाजारात आली, तिला ही सवय मानवत नाही. जोर कमी वाटू लागला की थांबा आणि चार्ज करा. मात्र लगेच नाही, काम केलेली बॅटरी गरम असते, ती हाताला साधी लागेपर्यंत सावलीत ठेवा. चार्जिंगला बहुतेक पुस्तिका 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वरची मर्यादा देतात, आणि शून्याखाली तर चार्ज करूच नये. चार्जर फरशीवर किंवा दगडी ओट्यावर ठेवा, गादी-कागदांवर नाही, आणि चार्जिंग चालू असताना आसपास कुणी जागं असावं.

मोसम संपल्यावर बॅटरी यंत्रातून काढून निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरलेली आणि उकाड्यात ठेवलेली बॅटरी वापराविना म्हातारी होते, आणि पूर्ण रिकामी ठेवलेली कधी कधी पुन्हा चार्जच घेत नाही. दोन-तीन महिन्यांनी चार्ज दाखवणारे दिवे बघून थोडी भरा. फुगलेली, चिरलेली किंवा उंचावरून आपटून तापू लागलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही. तिच्या पत्र्यांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात नको.

पेट्रोलवाल्यापेक्षा याचा आवाज कमीच आहे. तरी कानाला काही लावायला हवं?

हवं. तुलनेने कमी म्हणजे कमी नव्हे. यंत्रावर 98, 100 असा डेसिबलचा आकडा छापलेला असतो, तो यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण आवाजाचा. कानाशी किती पोहोचतो ते पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं आणि ते कमी असतं. तो आकडा शोधा. अमेरिकेतली कामाच्या ठिकाणच्या आरोग्याची संस्था, नायॉश, 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास ही मर्यादा सांगते, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 94 ला 1 तास. इअरमफ लावून टाका, चर्चा संपली.

कानापेक्षाही मला डोळ्यांची काळजी वाटते. साधा चष्मा पुरत नाही, खडा भिंतीवर आपटून बाजूने येतो. बाजूने बंद असलेला गॉगल घ्या. धूळ असेल तर एन-95 सारखा मास्क. केस बांधा, ओढणी, मफलर, गळ्यातली माळ काढून ठेवा: व्हॅक्यूमच्या तोंडाइतकीच ब्लोअरची हवा आत घेणारी जाळीही ओढते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. माणसं आणि जनावरं लांब, बऱ्याच पुस्तिकांत 15 मीटर लिहिलेलं असतं. शिडीवर चढून तर मुळीच वापरू नका.

पाऊस पडून गेल्यावर ओला पाला ओढता येईल का?

ओढू नका, उडवा, तोही पाऊस थांबल्यावरच. ओला पाला तोंडाशी आणि नळीच्या वळणावर बसतो. उडवलेला ढीग उन्हात सुकवा आणि मग ओढा. भुरभुर चालू असताना यंत्र घरातच राहू द्या. उलट नुसती कोरडी माती असेल तर उडवण्याआधी पाण्याचा हलका शिडकावा करा, धूळ तुमच्याच नाकात येणार नाही.

पिशवी अर्धीच भरते आणि ओढ संपते. शिवाय पिशवीतून धूर निघावा तशी धूळ येते.

पिशवीच्या कापडातून हवा बाहेर पडली तरच पुढून आत येणार. बारीक धुळीने कापडाची छिद्रं बुजली की ओढ मरते आणि मोटर उगाच तापते. प्रत्येक वापरानंतर पिशवी उलटी करून झटका. कापड कळकट झालं असेल तर हाताने धुवा आणि खडखडीत वाळवा, कारण दमट पिशवीत धूळ थापली जाते. चेनच्या दातांतली माती जुन्या टूथब्रशने काढा. धूळ एकाच जागेतून येत असेल तर शिवण उसवलेली आहे, तपासा.

आणि हे वाचताना कुणाच्या मनात आलंच असेल म्हणून: शेकोटीची राख, सिगारेटची थोटकं कधीही ओढू नका. वरून विझलेला निखारा आतल्या वाऱ्याने फुलतो, आणि पिशवीत वाळका चुरा वाटच बघत असतो.

बारीक झालेला पाला कुंड्यांत टाकला तर चालेल?

चालेल, छान कुजतो. आच्छादन म्हणून बोटभर थर द्या, खोडाला टेकवू नका. खतासाठी ढीग घालणार असाल तर सुक्या चुऱ्यात ओलं गवत किंवा भाजीचा ओला कचरा मिसळा, नुसता सुका पाला वर्षभर तसाच पडून राहतो. कुंपणाखालचा पाला मात्र ओढू नका. त्यात अळ्या, कोष, गोगलगाई असतात आणि पंख्यातून त्यातलं काही वाचत नाही.

हेच यंत्र घरातली धूळ ओढायला वापरलं तर?

नको. पिशवी पाला अडवते, धूळ नाही. एका खोलीतली धूळ सगळ्या घरात समान वाटली जाईल.