हाताने रंगवलेल्या आझुलेजो आणि डिजिटल छपाईच्या टाइल एकाच स्वयंपाकघरात वापरता येतील का?

होय, अवश्य वापरता येतील. मात्र हाताने रंगवलेल्या आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज परंपरेतील चकचकीत चित्रांच्या टाइल, ओट्यामागच्या भिंतीवर लावाव्यात आणि जमिनीसाठी डिजिटल छपाईच्या पोर्सिलेन टाइल घ्याव्यात. याचे कारण दोहोंच्या घडणीत आहे. आझुलेजोमध्ये भाजलेल्या मातीच्या टाइलवर कथिलयुक्त पांढरा ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) चढवतात आणि तो कच्चा असतानाच त्यावर चित्र काढतात. ग्लेझ रंग लगेच शोषून घेत असल्याने चुकलेली रेघ पुसता येत नाही, आणि कोबाल्टचा निळा रंग भट्टीतून बाहेर आल्यावरच खुलतो. कुंचल्याचा हा जिवंतपणा छपाईत उतरत नाही, असे माझे मत आहे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील पोर्तुगीज चित्रकार जोर्ज कोलासो यांची १९३५ सालची आझुलेजो भित्तिचित्रे जवळून पाहिल्यास ते पटेल. परंतु या टाइलचे अंग सच्छिद्र आणि ग्लेझ मऊ असतो, त्यामुळे पायांखाली ती झिजते, तर पोर्सिलेन टाइल साधारणपणे ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाही. संगणकाचा सर्वांत चांगला उपयोग आखणीत होतो: भिंतीचे माप आणि विजेच्या बोर्डांच्या जागा धरून चित्राचा आराखडा पूर्ण आकारात कागदावर छापून कारागिराला द्यावा, म्हणजे रेषांवर बारीक भोके पाडून त्यांतून कोळशाची पूड थापण्याची जुनी पद्धत त्याला तशीच वापरता येते. एक खबरदारी घ्यावी: प्रत्येक भट्टीत छटा थोडी बदलते, म्हणून तुटफुटीसाठी लागणाऱ्या जादा टाइल मूळ मागणीतच सांगाव्यात.