रिक्रूटिंग आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी जर्मनीला यायचंय? आधी हे वाच

तुझा प्रश्न मला समजलाय तो असा. एमबीए एचआर, वय २९, पुण्यात आयटी स्टाफिंगच्या कन्सल्टन्सीत चार वर्षं रिक्रूटर, जर्मन ए२ (म्हणजे अजून प्राथमिकच) झालंय, टार्गेट आणि क्लोजरला, म्हणजे भरलेल्या जागांच्या आकड्यांना, वैतागलीयस, पण माणसांशी संबंध सुटू नये असं वाटतं म्हणून रिक्रूटिंग आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट मिळून काहीतरी करायचंय, आणि त्यासाठी चान्सेनकार्ट, म्हणजे नोकरी शोधायला जर्मनीत येऊ देणारं कार्ड, काढून वर्षभर इथे येऊन नोकरी शोधू का. मी स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटल ग्रुपमध्ये परदेशी नर्सेसची भरती आणि त्या आल्यावर त्यांचं सगळं मार्गी लावायचं काम करते, त्याआधी पुण्यात तुझ्यासारखीच दिवसभर नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइल चाळत बसायचे, त्यामुळे स्पष्टच सांगते: ए२ वर येऊ नकोस. बी२, म्हणजे कामावर नीट बोलता येईल इतकं जर्मन, करून ये, नाहीतर तिथूनच नोकरी घेऊन ये.

आता का ते. कार्ड मिळायला तुला अडचण नाहीये. १ जून २०२४ पासून ही स्कीम सुरू आहे, सहा पॉइंट लागतात आणि तुझे जेमतेम होतात, पस्तिशीच्या आतलं वय म्हणून दोन, अनुभवाचे दोन, ए२ चा एक, आणि इंग्लिश सी१ (बी२ च्या वरची पातळी) चं सर्टिफिकेट काढलंस तर एक. तुझं युनिव्हर्सिटी आणि डिग्री अनाबीन या परदेशी डिग्र्यांच्या जर्मन डेटाबेसमध्ये नीट बसत असेल तर पॉइंट मोजायचीही गरज नाही, ते आजच बघून घे, फुकट आहे. पण खर्चाचे पैसे दाखवावे लागतात, २०२५ ला महिन्याला १,०९१ युरो होते म्हणजे वर्षाचे १३,०९२, आणि कार्डवर आठवड्याला २० तासच पार्टटाइम काम करता येतं. आयटीवाला किंवा मेकॅनिकल इंजिनिअर हे निभावून नेतो कारण त्याच्या टीममध्ये इंग्लिश चालतं. रिक्रूटरचं कामच बोलणं आहे. उमेदवार जर्मन, हायरिंग मॅनेजर जर्मन, कॉन्ट्रॅक्ट जर्मन, आणि मग तू एक वर्ष कॅफेत कप धूत संध्याकाळी क्लासला जाणार, तोच क्लास पुण्यात कितीतरी स्वस्तात पडतो आणि घरचं जेवण मिळतं. मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्याला जर्मन शिकायला तोटा नाही.

बर्लिनमधल्या स्टार्टअपमध्ये इंग्लिशवर रिक्रूटर लागतात, खोटं नाही, पण हायरिंग फ्रीझ आला की पहिली कात्री त्याच टीमला लागते आणि प्रोबेशनच्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांच्या नोटीसवर काढता येतं. त्यावर व्हिसा अवलंबून असेल तर झोप लागत नाही, हे ओळखीतल्या लोकांचं बघितलंय.

दुसरं म्हणजे इथलं रिक्रूटिंग आपल्याकडच्यासारखं नाहीच. पुण्यात सकाळी जेडी, म्हणजे जागेचं वर्णन, आला की दुपारपर्यंत दहा प्रोफाइल पाठवायचे, एक्सेल व्हॉट्सअॅपवर फिरतेय, कोणाचा सीव्ही कुठून आला ते कोणी विचारत नाही. इथे डेटा प्रोटेक्शनमुळे नकार दिलेल्या उमेदवाराची माहिती साधारण सहा महिन्यांत पुसून टाकतात. कंपनीत २० पेक्षा जास्त लोक असतील आणि बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली कमिटी, असेल तर प्रत्येक नव्या माणसाला घेण्याआधी तिला कळवून संमती घ्यावी लागते, तिला उत्तर द्यायला एक आठवडा मिळतो, त्यामुळे 'आज ऑफर काढूया' असला प्रकार नसतो. आणि रिजेक्शन मेलमध्ये कारण लिहायचंच नाही असं पहिल्या आठवड्यात सांगतात, कारण २००६ च्या भेदभावविरोधी कायद्याखाली उमेदवार दोन महिन्यांच्या आत भरपाई मागू शकतो. म्हणून ते मेल इतके गुळगुळीत असतात. तुला येतील तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

आता तुला जे खरं हवंय त्याबद्दल, कारण मला वाटतं ती जागा तुझ्या लक्षात आलेली नाही. इथल्या हॉस्पिटल्सना आणि वृद्धाश्रमांना नर्स मिळत नाहीत. केरळमधून नोर्का या तिथल्या सरकारी संस्थेच्या मार्फत सरकारी ट्रिपल विन प्रोग्रॅममधून येतात, खाजगी एजन्सीजही आणतात, आणि आपल्या राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या इथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, १० हजार तरुण पाठवायची घोषणा होती, त्याची गाडी हळू चाललीय ती गोष्ट वेगळी. प्रत्येक हॉस्पिटलला कोणीतरी लागतं जे या मुलींना तिकडे असल्यापासून इथे पूर्ण नर्स म्हणून रजिस्टर होईपर्यंत सांभाळेल. त्या पोस्टला इंटिग्रेशन मॅनेजर म्हणतात, कुठे कुठे रिक्रूटिंग प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. हेच तुझं रिक्रूटिंग आणि हेच प्रोजेक्ट मॅनेजमेंट.

कसं ते सांगते. एका नर्समागे डिग्री, ट्रान्सक्रिप्ट, कौन्सिल रजिस्ट्रेशन, अनुभवाची पत्रं, सगळ्यांची शपथपूर्वक भाषांतरं लागतात. हे कागद इथल्या मान्यता देणाऱ्या सरकारी ऑफिसला गेले की ऑफिसवाले तिचं शिक्षण तपासून कुठे कमी पडतं याचं पत्र देतात, मग व्हिसाची पूर्वसंमती, मग व्हिसाची अपॉइंटमेंट, आल्यावर हॉस्पिटलमध्ये काम करत करत एकतर जुळवून घेण्याचा कोर्स नाहीतर परीक्षा, आणि बहुतेक ठिकाणी बी२ जर्मन. एक पायरी अडली की पुढच्या सगळ्या सरकतात. फास्ट ट्रॅक आहे, ४११ युरो सरकारी फी मालकाने भरायची, तरी कागद अपुरा असेल तर फास्ट ट्रॅकही तिथेच उभा. आता मराठी मुलीचंच घे. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव गायब, आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं नवऱ्याचं नाव आणि आडनाव. आपल्याला एका नजरेत कळतं की बाई एकच आहे. इथल्या साहेबाला तीन बाया दिसतात आणि फाइल बाजूला पडते. अशा वेळी हॉस्पिटलमधली जर्मन सहकारी हात टेकते आणि तू अॅफिडेव्हिट, मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेट काय लागेल ते तिकडून बरोबर मागवतेस. हे त्यांना शिकवून येत नाही, म्हणून तुझी किंमत आहे.

आल्यावरची कामं वेगळीच. एअरपोर्टवरून आणायचं, पत्ता रजिस्टर करायचा, बँक, हेल्थ इन्शुरन्स. आणि भाड्याचं घर म्हणजे पुष्कळदा किचनच नसतं, ओटा सिंक काही नाही, नुसती भिंत आणि पाइप, त्यामुळे आधीच फर्निचरसकट घरं शोधून ठेवावी लागतात. मग वॉर्डातली हेड नर्स तक्रार करते की या मुली काही विचारतच नाहीत, नुसतं 'या, या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो, हो', म्हणतात, आणि मुली म्हणतात विचारलं तर काही येत नाही असं वाटेल. दोघींना समोर बसवून बोलतं करणं हा माझ्या मते या नोकरीतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात समाधानाचा भाग आहे. बाकी ऐंशी टक्के कागदच आहेत, 'मला माणसं आवडतात' एवढ्यावर कोणी टिकत नाही.

एक गोष्ट पक्की ठेव, नर्सकडून पैसे घेणाऱ्या एजन्सीत जाऊ नकोस, पगार कितीही दिला तरी. मालकाने खर्च करायचा हे इथलं मान्य तत्त्व आहे, 'फेअर भरती'चा सरकारी शिक्का असतो, इंटरव्ह्यूला तो आहे का ते विचार.

व्हिसाचं गणित: ब्लू कार्डला, म्हणजे जास्त पगाराच्या पदवीधरांच्या परमिटला, २०२६ ला वर्षाला ५०,७०० युरो पगार लागतो, या पोस्टला सुरुवातीला तो मिळेलच असं नाही. पण साधा कुशल कामगार व्हिसा आहे, ४५ च्या आत असशील तर त्याला ठरलेली पगाराची रेषा नाही, फक्त इथल्या लोकांइतका पगार हवा, आणि नोव्हेंबर २०२३ पासून नोकरी डिग्रीच्याच विषयातली हवी ही अटही गेलीय. तुझा नवरा आयटीत आहे म्हणालीस ना, मग त्याने ब्लू कार्डवर आधी यायचं आणि तू डिपेंडंट म्हणून, असाही विचार करा, तुला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची परवानगी मिळते. 'नवऱ्याच्या मागे गेली' असं नातेवाईक म्हणतील, म्हणू देत.

पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटच्या मागे आत्ता लागू नकोस, प्रोजेक्ट लीड केल्याचे महिने दाखवावे लागतात, तुझे निघतील का शंका आहे. त्याऐवजी आत्ताच्या कंपनीत एखादी बल्क हायरिंग ड्राइव्ह पूर्ण स्वतःकडे घे, तारखा, बजेट, कोण कुठे अडलं, सगळं लिहून ठेव, आणि सीव्हीत 'एवढे क्लोजर केले' ऐवजी ते मांड. शक्य असेल तर पुण्यातच नर्सेस जर्मनीला पाठवणाऱ्या एखाद्या चांगल्या संस्थेत नोकरी बदल, जर्मन रोज कानावर पडेल आणि इथली हॉस्पिटल्स तुला नावाने ओळखायला लागतील.

बी१ ची परीक्षा कधी देणार ते कळव, मॅक्सम्युलरचे स्लॉट पटापट जातात. आणि डिग्री युनिव्हर्सिटीची आहे की ऑटोनॉमस इन्स्टिट्यूटचा पीजीडीएम डिप्लोमा हेही सांग, पीजीडीएम असेल तर अनाबीनचं वेगळं बघावं लागेल.