परड्यातला लव्हाळा उपटूनही परत का येतो?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, भाजीच्या वाफ्यांत, दर पावसाळ्यात तिधारी दांड्याचं चकचकीत गवत येतं, उपटलं की दुपटीने फुटतं, आणि आता मीठ टाकावं की तणनाशक मारावं असा पेच आहे. वर्णनावरून हा लव्हाळाच. खात्रीसाठी खुरप्याने खोलवरून एक झाड काढा. मुळाला काळपट गाठ असेल आणि ती चिरडल्यावर उग्र औषधी वास आला, तर तोच.

उपटताना हातात येतो तो फक्त वरचा दांडा. खाली गाठींची माळ असते, एका बारीक धाग्याला दुसरी, तिला तिसरी. जोवर टोकाचा कोंब जिवंत आहे तोवर मागच्या गाठी बऱ्याच अंशी झोपून राहतात. दांडा तुटला की त्या जाग्या होतात, म्हणून दुप्पट झाल्यासारखं वाटतं. ओल्या मातीत कुदळ चालवणं तर त्याहून वाईट, कारण माळ तुटून वाफाभर पसरते.

खरं काम मे महिन्यात करायचं. वाफ्याचं पाणी आधी पूर्ण तोडा, माती सुकू द्या, मग 15 ते 20 सेंटिमीटर खणून ढेकळं उलटी करा. बहुतेक गाठी एवढ्याच थरात असतात. कातळावर माती भरून केलेलं परडं असेल तर तुमचं काम सोपं, गाठींना खाली जायला जागाच नाही. दर पाच-सहा दिवसांनी माती परतत राहा आणि हाताला लागतील त्या गाठी वेचा. कडक उन्हात दोन आठवडे सुकलेली गाठ सहसा मरते, पण मध्येच कोणी शिंपण केलं तर मेहनत पाण्यात. वेचलेल्या गाठी खतखड्यात टाकू नका, गडग्यापलीकडेही (दगडी कुंपणापलीकडे) फेकू नका. कातळावर वाळवा आणि जाळा.

तरीही पावसात काही फुटतीलच. कोंब वर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात, त्यामुळे दर दोन आठवड्यांनी बेणणी (तण काढणं) हवी, तीही नवरात्रापर्यंत न चुकता. प्रत्येक फुटव्याला गाठीतला साठा खर्च होतो. एक खेप चुकली की तो परत भरतो, आणि गणपतीच्या गडबडीत नेमकी तीच चुकते. एका पावसाळ्यात हे संपणार नाही, दोन-तीन धरून चाला.

पातेऱ्याचं, म्हणजे वाळक्या पानांचं, चार बोटं जाड आच्छादन बाकीच्या तणांना चांगलं अडवतं, लव्हाळ्याला नाही. त्याचा कोंब सुईसारखा असतो, मल्चिंगचा पातळ प्लास्टिक कागदही तो भोकसून वर येतो. तो नमतो सावलीला. सगळ्यात वाईट वाफ्यावर पडवळ-दोडक्याचा मांडव घाला किंवा खाली दाट चवळी पेरा.

मीठ नकोच. माडाला मीठ घालतात म्हणून ते निरुपद्रवी वाटतं, पण माड खारं सोसतो, मिरची-वांगी सोसत नाहीत. आपल्या पावसात ते धुऊन शेजारच्या आळ्यात जाईल ते वेगळंच. ग्लायफोसेट हे तणनाशक पानावाटे गाठीत उतरतं खरं, पण झोपलेल्या गाठींपर्यंत नीट पोचत नाही, फवाऱ्याचे तुषार केळी-पपईवर गेले तर ती झाडं हातची जातात, आणि फवारणीनंतर लगेच सर आली तर औषध वाहून जातं. शिवाय ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या आदेशाने त्याचा वापर कीडनियंत्रण चालकांपुरता (पेस्ट कंट्रोल ऑपरेटर) मर्यादित केला. घरच्या भाजीत त्याचा विचारही करू नये.

गाठी मुळात आल्या कुठून तेही बघा. विकतची माती, शेतातला गाळ, रोपवाटिकेची पिशवी, यांतूनच येतात. नवी माती पाच-सहा मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि रोप लावताना मुळाभोवतालची माती बोटांनी चाचपा.

बाकीची तणं तुलनेने सरळ आहेत. टाकळा कोवळा असताना भाजीला खुडा आणि शेंगा धरायच्या आत उपटा, कारण त्याचं टणक बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. केना मात्र उपटून ओल्या मातीवर ठेवू नका, पेरापेराला मुळं धरतो. तो गडग्यावर किंवा दगडावर उन्हात टाका. रानमोडी थंडीत फुलते, त्याआधी कापलीत तर माडाच्या आळ्यात आच्छादनाला चालते.