बीएला असतानाच भाषेवर संशोधन करता येतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सत्तरी तालुक्यातली, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर मराठी. भाषाविज्ञानाचा एकच पेपर होता पण त्यातला बोलींचा भाग इतका आवडला की पुढे हेच करायचं असं ठरवून टाकलंय. आमच्या कॉलेजात भाषाविज्ञानाचा वेगळा विभाग नाही आणि सगळे म्हणतात संशोधन एमए-पीएचडीला करायचं असतं, आता मार्कांकडे बघ. आतापासून काही करता येईल का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : करता येईल, आणि आत्ताच कर. आधी डिग्री मग संशोधन हे मला अजिबात पटत नाही. बोलींचा अभ्यास करायला मोबाईल, हेडफोन, वही आणि मनमोकळं बोलणारी माणसं पुरतात, आणि तू तर अशा ठिकाणी राहतेस जिथे घरात कोकणी, शाळेत मराठी, देवळात भजन मराठीत आणि बाजारात हिंदी-कन्नडसुद्धा ऐकू येतं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी 1971 मध्ये छापला, तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्यामुळे तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्द बदलले तरी वाक्याचा सांगाडा बहुतेक तोच राहायचा. जगभर शिकवतात तो अभ्यास. असं काही आपल्याकडे होतंय का हे तू बघू शकतेस.

फक्त प्रश्न छोटा घे. ‘गोव्यातली मराठी’ हा विषय नाही, तो डोंगर आहे. एक उदाहरण देते. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला सोडून ‘आम्ही’ असा फरक आहे, कोकणीत मात्र ‘आमी वचूंया’ म्हणताना पण आमी आणि ‘आमी काल गेल्ले’ म्हणताना पण आमीच. मग ज्यांच्या घरात दोन्ही भाषा आहेत ते मराठी बोलताना हा फरक पाळतात का, आजी पाळते आणि नात नाही असं होतं का? एवढा प्रश्न एका सेमिस्टरला भरपूर झाला.

आता हे ‘तुम्ही आपण म्हणता की आम्ही?’ असं थेट विचारू नकोस, असं विचारलं की माणूस लगेच पुस्तकातलं बोलायला लागतो. त्यापेक्षा घरातल्या दोघांना म्हण की यंदाच्या चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) कशी बांधायची ते एकमेकांत ठरवा, त्या बोलण्यात ‘आपण’ची जागा आपोआप येते, आणि मग गेल्या वर्षी काय काय केलं ते मला सांगा म्हण, तिथे तू बाहेरची म्हणून ‘आम्ही’ची जागा येते. लाबोव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत फक्त ‘फोर्थ फ्लोअर’ (चौथ्या मजल्यावर) एवढं उत्तर येईल असे प्रश्न विचारून आणि ऐकू न आल्यासारखं करून तेच पुन्हा वदवून घेऊन त्या शब्दांतला र कोण उच्चारतो ते टिपलं होतं. युक्ती साधी होती, विचार पक्का होता.

रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी घे, कशासाठी ते समजेल असं सांग, आणि नंतर कोणी ‘ते काढून टाक’ म्हटलं तर खरंच काढ. घरातल्या गोष्टी असतात त्यात, नावं लिहू नकोस. वय, गाव, शिक्षणाचं माध्यम, घरात कोण काय बोलतं हे मात्र त्याच दिवशी लिहून ठेव. फाईल वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेव, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या आवाजात बारीक तपशील जातात. ईलान आणि प्राट ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पहिलं आवाजासोबत मजकूर लिहायला, दुसरं उच्चार मोजायला.

वाचायचं म्हटलं तर अ. मा. घाटग्यांचं कुडाळी बोलीचं सर्वेक्षण (1965) आधी शोध, तुझ्या शेजारचीच बोली आहे. डेक्कन कॉलेजच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातली रेकॉर्डिंगं ऑनलाइन ऐकता येतात, लोकांना बोलतं कसं केलंय तेही त्यात कळतं. पीएचडीचे थिसिस शोधगंगा या वेबसाइटवर मिळतील.

प्राध्यापकांना नुसतं ‘मला संशोधनात रस आहे’ असं लिहू नकोस, अशा ईमेलला उत्तर काय देणार ते? तुझा प्रश्न चार ओळींत, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढलेला मजकूर आणि नेमकी काय मदत हवी ते लिही. शिवाय पीएचडी करणाऱ्यांना रेकॉर्डिंग ऐकून लिहून देणारं, ती बोली समजणारं माणूस हवंच असतं, ते काम माग, त्यात कान जो तयार होतो तो वर्गात होत नाही. मानधनाचं आणि कामात तुझं नाव येईल का हे पहिल्याच दिवशी विचार, यात संकोच नको.

आणि मार्क, हो, तेही लागतात. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं, त्यात 12 क्रेडिटचा प्रबंध असतो. आज जमवलेलं तिथे कामी येईल. पुढे एमएला डेक्कन कॉलेज आहे, हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) आहे, दिल्ली आहे.

प्रश्न : मी पेडण्याचा. आमच्या वाड्यावरची बोली रेकॉर्ड करतोय, पण तिला मराठी लिहू की कोकणी यावरून घरातच वाद होतो. काय लिहू?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : फॉर्मवर ‘तुम्ही तुमच्या बोलीला काय म्हणता?’ असा रकाना ठेव आणि ज्याने जे सांगितलं ते तसंच लिही. एकाच घरात दोन उत्तरं आली तर दोन्ही लिही, तीसुद्धा माहितीच आहे. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1905 च्या खंडात कोकणी मराठीखाली घातली, भाषाशास्त्रज्ञ कत्र्यांनी 1942 मध्ये ती स्वतंत्र भाषा म्हणून मांडली, गोव्यात या नावापायी माणसं दुखावली गेलीत, तेव्हा वाड्यावर जाऊन तू निकाल देऊ नकोस. क्रियापदांची रूपं, लिंग, उच्चार नीट लिहून घे आणि वहीवर वाड्याचं नाव टाक.