वजा घात असलेल्या दोन संख्यांत लहान कोणती?

प्रश्न : ३.२ × १०^-७ आणि ४.५ × १०^-५ यांत लहान कोणती हे झटकन कसं ओळखायचं? आणि किती पटीने लहान?

पहिली. वजा सात हा वजा पाचाहून लहान, विषय संपला. पुढचे ३.२ आणि ४.५ हाताने झाकून ठेवा. घात सारखे निघाले तरच तिकडे बघायचं. ही सवय मला एका परत आलेल्या लॉटने लावली.

भोसरीत एका छोट्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. २५ मिमी व्यासाच्या पिना, सेंटरलेस ग्राइंडिंगचं काम. ड्रॉइंगवर ओव्हॅलिटी (एकाच पिनेच्या सर्वांत मोठ्या नि सर्वांत लहान व्यासातला फरक) जास्तीत जास्त ८ मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे १०^-६ मीटर. आम्ही आपसात थाऊ (इंचाचा हजारावा भाग) नि मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं, पण त्या कस्टमरला रिपोर्ट मीटरमध्ये लागायचा. एक्सेलमध्ये मग मर्यादा दिसायची ८.०ई-०६ (म्हणजे ८.० × १०^-६), आणि त्या दिवशीचं आमचं रीडिंग १.२ई-०५.

साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "एक पॉइंट दोन कुठे आणि आठ कुठे! पाठव."

"साहेब, मागचं बघा ना, वजा पाच आहे. बारा मायक्रॉन होतात."

"तू डायल बघ, आकडे मी बघतो."

डायल बघूनच तर बोलत होतो. एक घर एका मायक्रॉनचं, आणि पिन फिरवली की काटा बारा घरं सरकत होता. लॉट गेला. आठवड्याने परत आला, त्याच खोक्यांत, वर आमचीच हिरवी 'ओके'ची चिठ्ठी. इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही अर्थातच माझी.

शाळेत ०.००००००३२ अशी शून्यं मांडायला लावतात, ते सोडून द्या. मांडताना एखादं शून्य कमी-जास्त होतंच (इथे पॉइंटनंतर सहा हवीत, मोजून बघा). त्यापेक्षा दोन्ही संख्या एकाच घातावर आणा. १.२ × १०^-५ म्हणजे १२ × १०^-६. आता समोर बारा आणि आठ. यात चुकायला डिग्रीच लागते, आयटीआयवाला चुकत नाही.

पटीचं म्हणाल तर घातांची वजाबाकी करा. तुमच्या उदाहरणात दोन घातांचा फरक, म्हणजे शंभरपट तर झालीच. मग पुढचे आकडे भागून घ्या : ४.५ ÷ ३.२ म्हणजे साधारण १.४, एकूण सुमारे १४० पट.

हो, एक राहिलं. झाकून ठेवायची युक्ती पुढचा आकडा १ ते १०च्या आत असेल तरच चालते. कुणी ४५० × १०^-७ लिहिलं असेल तर आधी सरळ करून घ्या. आणि एकक दोन्हीकडे एकच हवं.

सरावाला एक गणित देतो. लॉट परत आल्यावर साहेब म्हणाले, "मे महिना आहे, कस्टमरकडे तापलेल्या पिना मोजल्या असतील, फुगल्या." पोलाद दर अंशाला साधारण १.२ × १०^-५ पट फुगतं. व्यास २.५ × १०^-२ मीटर, तापमान १० अंशांनी जास्त धरा. गुणाकार येतो ३ × १०^-६. जादा भरले होते ४ × १०^-६. म्हणजे सगळं खरं धरलं तरी पुरत नाही. आणि तापलेली पिन चहूबाजूंनी सारखीच फुगते. तिचा व्यास वाढतो, ओव्हॅलिटी नाही.